क्रूझची सहल ठरली? पासपोर्टवरचे शिक्के नंतर मोजा, आधी व्हिसावर ‘सिंगल’ आहे की ‘मल्टिपल’ ते बघा

शिरूर / दौंड : पूर्वी उसाचं बिल जमा झालं की आपल्याकडे काशी, बालाजी नाहीतर अष्टविनायकाची गाडी ठरायची. आता खत-बियाण्याच्या दुकानदारांना कंपनीकडून सिंगापूर, दुबईची टूर मिळते. रांजणगाव आणि कुरकुंभ एमआयडीसीत कामाला असलेली पोरं आई-वडिलांना विमानात बसवायचं म्हणतात. आणि या टूरच्या कागदावर हल्ली एक ओळ हमखास असते, ‘दोन रात्री क्रूझ’.

क्रूझ म्हणजे मोठं प्रवासी जहाज. राहणं, जेवणं, करमणूक सगळं त्यावरच. पण विमानाच्या प्रवासात जे कागद चालतात, तेच जहाजाला पुरतील असं नाही. इथंच माणसं अडकतात आणि भरलेले पैसे बुडतात. म्हणून पासपोर्ट, शिक्का आणि व्हिसा यांचा हिशेब नीट समजून घेऊ.

आधी बघा, जहाज देशातलं की परदेशी?

मुंबईहून गोवा, कोची, लक्षद्वीप असं जाणारं जहाज देशातल्या देशातच फिरतं. त्याला भारतीय माणसाला पासपोर्ट लागत नाही, शिक्का नाही की व्हिसा नाही. आधार किंवा मतदार कार्ड असं फोटोचं सरकारी ओळखपत्र मूळ स्वरूपात सोबत ठेवायचं. लक्षद्वीपसाठी मात्र भारतीयांनाही प्रवेश परवाना लागतो. जहाजाच्या सहलीत तो कोण काढणार, हे बुकिंग करतानाच विचारून घ्या.

मुंबईत ही जहाजं बॅलार्ड पिअरला लागतात. तिथल्या नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन 20 सप्टेंबर 2025 रोजी झालं. दौंडहून रेल्वेने सीएसएमटीला उतरलं की टॅक्सीने जवळच आहे.

जहाज परदेशी बंदराला जाणार असेल, तर पुढचं सगळं वाचाच.

शिक्का म्हणजे काय आणि व्हिसा म्हणजे काय?

गावाकडच्या भाषेत सांगायचं तर व्हिसा म्हणजे आत यायची परवानगी आणि शिक्का म्हणजे तुम्ही कुठल्या तारखेला आलात-गेलात याची नोंद. पासपोर्टवर दहा शिक्के असले तरी अकराव्या वेळी व्हिसा नसेल, तर आत घेत नाहीत. उलट व्हिसा बरोबर असेल आणि शिक्का मारलाच नाही, तरी बहुतेक ठिकाणी बिघडत नाही. कारण आता नोंद कॉम्प्युटरमध्ये असते.

सिंगापूरमध्ये आता शिक्का मारत नाहीत, तुम्हाला किती दिवस राहता येईल ते ई-मेलवर कळवतात. युरोपातल्या शेंगेन देशांनी 12 ऑक्टोबर 2025 पासून शिक्क्याऐवजी बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घेणं टप्प्याटप्प्याने सुरू केलं. त्यामुळे ‘माझ्या पासपोर्टवर शिक्काच नाही, आता कसं?’ म्हणून घाबरायचं कारण नाही. मात्र तो ई-मेल, विमानाचा बोर्डिंग पास आणि जहाजाचं तिकीट घरी येईपर्यंत टाकून देऊ नका. कुणी विचारलं तर तोच पुरावा.

जहाजाने बंदर सोडलं की तुम्ही देश सोडला

हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आहे.

समजा, तुम्ही विमानाने दुबईला गेलात. तिथं दोन दिवस राहिलात, मग जहाजात बसून मस्कतला गेलात आणि त्याच जहाजाने परत दुबईला आलात. तुमच्या हिशेबाने ही एकच दुबईची सहल झाली. पण तिथल्या इमिग्रेशनच्या हिशेबाने तुम्ही दुबईत दोनदा आलात. पहिल्यांदा विमानाने आणि दुसऱ्यांदा जहाजाने.

दुबईचा टुरिस्ट व्हिसा दोन प्रकारचा मिळतो. ‘सिंगल एंट्री’ म्हणजे एकदाच आत यायचं आणि ‘मल्टिपल एंट्री’ म्हणजे मुदतीत पुन्हा पुन्हा येता येतं. सिंगल एंट्रीवर गेलात, तर जहाज निघालं त्या दिवशीच तुमचा व्हिसा संपला. व्हिसाच्या कागदावर अजून वीस दिवस बाकी दिसत असले तरी त्याचा उपयोग नाही. परत येताना बंदरावर उतरायला व्हिसा नाही आणि घरी यायचं विमान तर दुबईहूनच आहे, अशी गत होते.

प्रत्यक्षात बहुतेक वेळा इतकं लांबतही नाही. जहाज कंपनी चढायच्या आधीच कागद तपासते आणि व्हिसा कमी पडला तर चढूच देत नाही. ‘आम्ही त्या बंदरावर उतरणार नाही, जहाजातच बसून राहू’ असं सांगूनही चालत नाही. वाटेत जितकी बंदरं असतील, त्या सगळ्यांचे कागद पूर्ण लागतात. कागद अपुरे म्हणून राहिलात, तर तिकिटाचे पैसेही सहसा परत मिळत नाहीत.

सिंगापूरहून निघणाऱ्या जहाजांचंही तसंच. ही जहाजं मलेशियातल्या पोर्ट क्लांग, पेनांग किंवा थायलंडच्या फुकेतला जाऊन परत येतात. मलेशियाने 1 डिसेंबर 2023 पासून भारतीयांना 30 दिवसांपर्यंत व्हिसाची सवलत दिली आहे, पण ती मुदतीची आहे. शिवाय मलेशिया, थायलंड आणि सिंगापूर या तिन्ही देशांत पोचण्याआधी ऑनलाइन कार्ड भरावं लागतं. हे कार्ड तिन्ही देशांच्या सरकारी वेबसाईटवर मोफत आहे. गुगलवर शोधलं की तशाच दिसणाऱ्या आणि पैसे मागणाऱ्या वेबसाईट वर येतात, त्यांच्यापासून सावध राहा. जहाजाने परत येताना सिंगापूरचं कार्ड पुन्हा भरायचं का, हे चढतानाच काउंटरवर विचारा.

लेकाकडे अमेरिकेला गेलेल्यांसाठी

आपल्याकडचे बरेच आई-वडील मुलाकडे किंवा मुलीकडे अमेरिकेला जातात. मुलं हौसेने त्यांना मियामीहून जहाजाने बहामा किंवा मेक्सिकोला फिरवून आणतात. इथं एक गैरसमज आहे. व्हिसा दहा वर्षांचा आहे म्हणजे दहा वर्षं कधीही, कितीही राहता येतं, असं नाही. एका वेळी किती राहायचं ती तारीख आय-94 नावाच्या नोंदीत असते आणि ती अमेरिकेच्या सीबीपी खात्याच्या वेबसाईटवर मोफत बघता येते. शेजारच्या बेटांवर चार दिवस फिरून आलं म्हणून ही तारीख पुढे सरकेल, असं धरून चालू नका. जहाजातून उतरल्यावर नोंद पुन्हा एकदा बघून घ्या.

जहाजावर पासपोर्ट काढून घेतला तर?

परदेशी जहाजावर चढताना बऱ्याचदा पासपोर्ट जमा करून घेतात आणि त्याऐवजी एक कार्ड देतात. खोलीचं कुलूप उघडायला, जेवायला, चढायला-उतरायला तेच कार्ड. अनेक बंदरांवर अधिकारी सगळ्या प्रवाशांची यादी एकत्र तपासतात, म्हणून प्रत्येकाच्या पासपोर्टवर शिक्का पडतोच असं नाही. पासपोर्ट घेतला म्हणून भांडण करू नका. जमा केल्याची पावती किंवा नोंद आहे का ते विचारा. पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाचा तसंच व्हिसाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा आणि एक झेरॉक्स खिशात ठेवा.

बंदरावर फिरायला उतरलात तर वेळ पाळा. जहाज आपल्या एसटीसारखं ‘येतोय, येतोय’ म्हणून थांबत नाही. मागे राहिलात आणि पासपोर्ट जहाजावर, तर आधी बंदरावरचा त्या जहाजाचा एजंट गाठा. पासपोर्ट हरवलाच, तर तिथल्या पोलिसांत तक्रार आणि मग भारतीय दूतावास, हा क्रम लक्षात ठेवा.

दहावी नसेल तर? ईसीआरची भीती

शेतकऱ्यांच्या पासपोर्टबद्दल हा प्रश्न फार विचारला जातो. पन्नाशीच्या आतला माणूस दहावी पास नसेल आणि आयकर भरत नसेल, तर त्याच्या पासपोर्टवर सहसा ‘ईसीआर’ असा शेरा येतो. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, म्हणून चांगली बागायती असलेल्या शेतकऱ्यालाही हा शेरा लागतो.

या शेऱ्याचा संबंध नोकरीशी आहे. यूएई, ओमान, मलेशिया, थायलंड धरून 18 देशांत कामाला जायचं असेल, तर आधी सरकारी मंजुरी लागते. फिरायला जाणाऱ्याला ती लागत नाही. परतीचं तिकीट, हॉटेल आणि जहाजाचं बुकिंग हातात ठेवा आणि विचारलं तर ‘फिरायला चाललोय’ हे सरळ सांगा. मात्र ‘टुरिस्ट व्हिसावर जा, तिथं जहाजावर कामाला लावतो’ असं कुणी एजंट म्हणाला, तर त्याच्यापासून लांब राहा. टुरिस्ट व्हिसावर काम करता येत नाही.

पान फाडू नका, काही लिहूही नका

पासपोर्ट आपल्या नावाचा असला तरी तो सरकारचा कागद आहे. 2025 मध्ये मुंबई विमानतळावर पुण्याच्या एका प्रवाशाच्या पासपोर्टची काही पानं गायब आढळली. थायलंडच्या सहली घरच्यांना कळू नयेत म्हणून त्याने पानं फाडल्याचं समोर आलं आणि गुन्हा दाखल झाला. पासपोर्ट कायदा 1967 च्या कलम 12 मध्ये नोंदीत फेरफार केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे.

आपल्याकडे पासपोर्ट सातबारा आणि पासबुकाच्या पिशवीत राहतो. त्याला ओल लागते, उंदीर कुरतडतो, नातवंडं रेघोट्या ओढतात. असा पासपोर्ट काउंटरवर अडू शकतो. फिरायच्या ठिकाणी हौसेचे, आठवणीचे शिक्के मारून देतात, तेही वहीवर घ्या, पासपोर्टवर नको. आणि अधिकाऱ्याने शिक्का मारला की काउंटर सोडण्याआधी तारीख बरोबर आहे का ते बघा.

पैसे भरण्याआधी हे तपासा

1. पासपोर्टची मुदत. सहलीच्या तारखेनंतर निदान सहा महिने शिल्लक पाहिजेत. कोरी पानंही बघा.

2. नाव. पासपोर्ट, व्हिसा, विमान आणि जहाजाचं तिकीट, सगळीकडे अक्षरन् अक्षर एकच हवं. लग्नानंतर आडनाव बदललेल्या बायकांच्या कागदात हा घोळ जास्त असतो. पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असेल तर आधीच दुरुस्त करा. यूएईने नोव्हेंबर 2022 पासून टुरिस्ट व्हिसासाठी एकच नाव असलेला पासपोर्ट नाकारायला सुरुवात केली आहे.

3. बंदरांची यादी. जहाज कुठून निघतं, कुठं थांबतं आणि कुठं परत येतं, हे एजंटकडून व्हॉट्सॲपवर लिहून मागा.

4. व्हिसा. ज्या देशातून जहाजात बसणार आणि ज्यात परत येणार, त्याचा व्हिसा मल्टिपल एंट्री आहे का? ‘सगळं होतं, काळजी करू नका’ हे उत्तर चालणार नाही. व्हिसाचा कागद आला की त्यावरचा शब्द स्वतः वाचा, नाहीतर घरातल्या शिकलेल्या पोरीकडून वाचून घ्या.

नवा पासपोर्ट काढायचा असेल, तर अर्ज पासपोर्ट सेवाच्या सरकारी वेबसाईटवरच भरा. प्रौढांच्या 36 पानी पासपोर्टची साधी फी 1500 रुपये आहे. पुण्यातलं सेवा केंद्र मुंढव्याला आहे आणि पोलीस पडताळणी आपल्या हद्दीच्या पोलीस ठाण्यातून होते. सहल ठरल्यावर घाई करण्यापेक्षा तीन-चार महिने आधीच हे उरकून घेतलेलं बरं. नाव किंवा जन्मतारखेत चूक निघाली, तर ती दुरुस्त करायलाही तेवढा वेळ हातात राहतो.