सर्व्हरची कार्यप्रणाली बदलण्यापूर्वी

व्यवसायाचे हिशेब, पगारपत्रके व मालाच्या नोंदी ज्या मध्यवर्ती संगणकावर साठविल्या जातात, त्यास सर्व्हर म्हणतात. त्याची कार्यप्रणाली जुनी झाली तरी तो चालूच राहतो. म्हणूनच बदल लांबणीवर पडतो. 'विंडोज सर्व्हर २०१२ आर२' ला मिळणारे नियमित सुरक्षा-साहाय्य १० ऑक्टोबर २०२३ रोजी संपले. अशा दिरंगाईचे परिणाम मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' या संगणक-विषाणूने जगभर दाखवून दिले. त्यावरील दुरुस्ती त्याच वर्षी मार्चमध्ये उपलब्ध झाली होती; अनेकांनी ती बसविलीच नव्हती.

पूर्वतयारीत सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे माहितीची राखीव प्रत. ती त्याच सर्व्हरवर ठेवणे म्हणजे तिजोरीची दुसरी किल्ली तिजोरीतच ठेवण्यासारखे आहे. प्रत घेतल्याची नोंदही पुरेशी नव्हे. ती दुसऱ्या संगणकावर उतरवून गेल्या महिन्याचे पगारपत्रक उघडते काय, बेरजा जुळतात काय, हे हिशेबनिसाने स्वतः पाहावे. हे काम केवळ तंत्रज्ञावर सोपविणे इष्ट नाही.

हिशेबाची आज्ञावली नव्या प्रणालीवर चालेल, असे पुरवठादाराकडून लेखी घ्यावे. '२००८ आर२' वरून थेट '२०१९' वर जाता येत नाही. मध्ये '२०१२ आर२' चा टप्पा लागतो.

मार्चअखेर व पगाराचे दिवस टाळावेत. काम अडल्यास किती वाजता माघार घ्यावयाची, हेही आधीच ठरवावे. नवा सर्व्हर घेतला असल्यास पहिला मासिक ताळेबंद जुळेपर्यंत जुना मोडीत काढू नये.