मालवणच्या पाण्याखालचा धंदा : गिऱ्हाइकाने काय विचारावे, होडीवाल्याने काय मोजावे

गिरगाव, परळ, लालबागच्या खोल्यांतून एके काळी दर महिन्याला मालवण-देवगडकडे मनीऑर्डर जात असे आणि तिच्यावर तिकडची घरे चालत. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि ही मनीऑर्डर आटत गेली. आता त्याच चाळींतली नातवंडे मे महिन्यात मालवणला जातात, होडीवाल्याच्या हातात पैसे ठेवतात आणि तोंडात नळी धरून पाण्यात उतरतात. पैसा पुन्हा मुंबईहूनच कोकणात जातो, फक्त रस्ता बदलला आहे. या नव्या धंद्याची माहिती गिऱ्हाईक आणि गावच्या होडीत पैसा घालू पाहणारा चाकरमानी, दोघांनाही असावी म्हणून हा लेख.

आधी एक प्रश्न. समुद्र तर गिरगाव चौपाटीलाही आहे, मग हा धंदा इथे का नाही? कारण खाड्यांचा गाळ आणि शहराचे सांडपाणी यांमुळे आपल्या किनाऱ्याचे पाणी गढूळ असते, हातभर खोलीवरचेही दिसत नाही. प्रवाळ मात्र मुंबईतही आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. किनारी रस्त्याच्या कामासाठी हाजीअली आणि वरळीच्या खडकांवरच्या प्रवाळांच्या १८ वसाहती २०२० मध्ये काढून दुसरीकडे लावण्यात आल्या. अर्थात ते भरपूर ओहोटीला खडकांवर जाऊन पाहायचे, बुडी मारून नव्हे.

मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास खडक उथळ पाण्यात आहेत, त्यांवर प्रवाळ वाढते आणि त्याच्या आश्रयाने रंगीत मासे राहतात. १९८७ मध्ये येथील सुमारे २९ चौरस किलोमीटर क्षेत्र सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाले. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली आणि कुडाळपर्यंत रात्रीत पोहोचणे सोपे झाले. पुढे गाबीत मच्छीमारांच्या मुलांना पाणबुडीचे शिक्षण मिळू लागले. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची शिकवणारी संस्थाही उभी राहिली.

यात दोन वेगळे प्रकार आहेत आणि दलाल मुद्दाम त्यांची सरमिसळ करतात. स्नॉर्केलिंगमध्ये माणूस पोटावर तरंगतो, चष्म्यातून खाली पाहतो आणि वर निघालेल्या नळीतून श्वास घेतो. नळी लांब केली की खोल जाता येईल असे वाटते, पण तसे होत नाही. दोन-तीन फुटांखाली पाण्याचा दाब छातीला फुगूच देत नाही. म्हणून स्कुबामध्ये पाठीवर टाकी असते आणि तिच्यावरचे यंत्र जेवढा बाहेरचा दाब तेवढ्याच दाबाने हवा तोंडात देते. टाकीत ऑक्सिजन असतो हा सर्वांचा गैरसमज आहे. तिच्यात साधी हवाच असते, फक्त दाबून भरलेली. बारा लिटरच्या टाकीत दोनशेपट दाबाने सुमारे चोवीसशे लिटर हवा मावते.

येथेच धोका आहे, तो नीट समजून घ्यावा. दहा मीटर खोलीवर दाब दुप्पट होतो. तिथे छातीभर घेतलेली हवा वर येताना दुप्पट फुगते. श्वास रोखून वर आले तर फुप्फुस फाटू शकते आणि त्याला दहा मीटर लागत नाहीत, चार-पाच फूटही पुरतात. म्हणून पहिला नियम हा की पाण्याखाली श्वास कधीही रोखायचा नाही. दुसरे म्हणजे उतरताना नाक चिमटीत धरून कानात हवा सारत राहायची. सर्दी झाली असेल तर त्या दिवशी उतरूच नये, पैसे भरले असले तरी. दमेकऱ्याने आणि हृदयविकाराच्या रुग्णाने डॉक्टरला विचारल्याशिवाय होडीत चढू नये.

आता भावाची गोष्ट. पर्यटकाने दिलेल्या रकमेतून हॉटेलवाला, रिक्षावाला, मुंबईत फोनवर बुकिंग घेणारा, सगळे आपापले कमिशन कापतात. उरलेल्यात होडीचे डिझेल, शिकवणाऱ्याची मजुरी, टाक्यांची ठराविक मुदतीने होणारी दाबचाचणी आणि हवा भरणारा कॉम्प्रेसर बसवायचा असतो. भाव पाडला की काटछाट नेमकी याच जागी होते. कॉम्प्रेसर इंजिनच्या धुराजवळ ठेवला तर विषारी वायू टाकीत शिरतो आणि त्याला वास नसतो. तेव्हा स्वस्त मिळाले म्हणून खूश होण्यापूर्वी विचारावे : एका शिकवणाऱ्यामागे माणसे किती? त्याच्याकडे प्रमाणपत्र आहे का? होडीत किती जणांना परवानगी आहे आणि तेवढी जीवरक्षक जाकिटे आहेत का? हा शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ स्कुबाहून परतणारी होडी उलटली आणि दोन पर्यटकांचा मृत्यू झाला. ही दुर्घटना पाण्याखाली नव्हे, परतीच्या वाटेवर झाली.

गावच्या होडीत पैसा घालणाऱ्याने हंगाम आधी मोजावा. पावसाळ्यात धंदा पूर्ण बंद असतो. उरलेल्या आठ महिन्यांतही कमाईचे दिवस म्हणजे दिवाळी, नाताळ, मे आणि शनिवार-रविवार. वारा सुटला किंवा पाणी गढूळले की तेही गेले. अशा अनिश्चित धंद्याला दरमहा ठराविक हप्त्याचे कर्ज गळफास ठरते. त्यापेक्षा मासेमारीत होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, माणसांचा वाटा असा जो जुना हिशेब आहे, तो इथे अधिक शोभतो, असे आमचे मत आहे. मिळाले तर सर्वांना, बुडाले तरी सर्वांचे.

आणि खरे भांडवल होडी नव्हेच, प्रवाळ आहे. ते वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर ते काही सेंटिमीटर वाढते. नवख्या गिऱ्हाइकाने त्यावर पाय टेकला किंवा होडीने नांगर टाकला की कित्येक वर्षांची वाढ क्षणात मोडते. समुद्र तापला की ते पांढरे पडते, तो उपाय होडीवाल्याच्या हातात नाही, पण नांगर आहे. दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. आठवण म्हणून तुकडा पिशवीत घालणे हा गुन्हा आहे.

परतीच्या तिकिटाचेही पाहून ठेवावे. टाकी लावून बुडी मारल्यावर निदान बारा तास, दोन-तीन बुड्या झाल्या असतील तर अठरा तास, विमानात बसू नये. वरचा दाब कमी असल्याने रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊ शकतात. चिपी विमानतळ २०२१ मध्ये सुरू झाल्यापासून हा प्रश्न मुंबईकरांनाही आला आहे. कोल्हापूरमार्गे घाट चढून परतणाऱ्यांनीही त्याच दिवशी निघू नये. नुसते नळी लावून तरंगणाऱ्याला मात्र ही अडचण नाही, तो रात्रीच्या गाडीने निघून सकाळी दादरला उतरू शकतो.