घड्याळ आणि पाण्याची ऊब

१९५४ मध्ये कॉलिन पिटेंड्रिघ यांनी फळमाशीवरील प्रयोगांतून दाखवले, की कोषातून बाहेर पडण्याची वेळ ठरवणारे तिचे जैविक घड्याळ गारव्यात आणि उष्म्यातही जवळपास त्याच गतीने चालते. घड्याळाला हा गुण हवाच. पण त्यानंतर अभ्यासकांचे लक्ष प्रामुख्याने प्रकाशाकडे राहिले आणि तापमान मागे पडले. ज्यांच्या अंगची ऊब पाण्यावर ठरते त्या माशांच्या बाबतीत हा दृष्टिकोन अपुरा होता, असे माझे मत आहे. दिल्ली विद्यापीठात बी. आय. सुंदरराज आणि सहकाऱ्यांनी शिंगी माशावर सत्तरच्या दशकात केलेले काम मला म्हणूनच फार मोलाचे वाटते. अखंड अंधारातही त्याच्या अंडाशयाचे वार्षिक चक्र सुरू राहत होते, आणि विणीच्या हंगामाच्या पूर्वतयारीच्या काळात कोमट पाणी मिळाले की अंडी लवकर पोसत होती.

यावर रास्त आक्षेप असा, की तापमान बेभरवशाचे असते. दिवसाची लांबी मात्र ठरावीक तारखेला दरवर्षी तेवढीच. शिवाय निसर्गात दोन्ही एकत्रच बदलतात. सी बास मासा उन्हाळ्यात दिवसा आणि हिवाळ्यात रात्री खातो, पण त्यामागे ऊब किती आणि उजेड किती, हे एवढ्यावरून सांगता येत नाही. साल्मनच्या पिल्लांवरील १९९३च्या अभ्यासाने हा गुंता सोडवला: पाणी साधारण १० अंशांखाली गेले, की ऋतू कोणताही असो, ती रात्री चरू लागतात. दुसरा आक्षेप असा, की थंडीने सारे शरीरच मंदावते, त्यात घड्याळाचे काय? तसे असते तर घड्याळही मंदावले असते. २००५ मध्ये झेब्राफिशच्या पेशी अंधारात ठेवून फक्त तापमान आलटून पालटून बदलले, तेव्हा त्यांची दिनलय त्या चढउताराशी जुळली. निरनिराळ्या स्थिर तापमानांत मात्र लयीचा कालावधी जवळपास तोच राहिला. म्हणजे ऊब घड्याळाचा वेग बदलत नाही, काटे जुळवते.

दिवसाची लांबी पुढेही तीच राहील, पण अरबी समुद्र तापत चालला आहे. माशांच्या विणीला वाव देणारी पावसाळी मासेमारीबंदी महाराष्ट्रात १ जूनला सुरू होते. ती तारीख कॅलेंडरवरून ठरते. तिच्या शेजारी पाण्याच्या तापमानाची नोंदही मांडली जावी.