यंत्राची शब्दपारख

सन २०१९ च्या ऑगस्ट महिन्यात पंचगंगेला महापूर आला. कोल्हापूर शहराचा सखल भाग जलमय झाला, शिरोळ तालुक्यातील अनेक गावांना पाण्याने वेढले आणि पुण्याहून बंगळूरकडे जाणारा महामार्ग कित्येक दिवस बंद राहिला. अशा संकटात लोक भ्रमणध्वनीवरून मदतीसाठी संदेश धाडतात. संदेश हजारांनी येऊ लागले, म्हणजे ते सर्व वाचून होडी आधी कोणाकडे न्यावी हे ठरवण्यास माणसे अपुरी पडतात. हे वाचनाचे काम संगणकाकडे सोपवता येईल काय? माणसाची भाषा यंत्राला कशी उमगावी, याचा विचार करणाऱ्या शास्त्रास संगणकीय भाषाविज्ञान म्हणतात.

संगणकास अक्षरे ठाऊक नसतात. त्याचा सारा व्यवहार आकड्यांचा. म्हणून युनिकोड नावाच्या संकेताने जगातील लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक दिले आहेत. त्यात ‘प’ चा क्रमांक २३४६, दीर्घ ऊकाराचा २३७० आणि ‘र’ चा २३५२ आहे. ‘पूर’ हा शब्द शोधण्यास सांगितले, की संगणक हे तीन आकडे याच क्रमाने जेथे दिसतील तेथे थांबतो. पहिली फजिती येथेच होते. ‘कोल्हापूर’ या नावाच्या शेवटीही तेच तीन आकडे आहेत. तेव्हा कोल्हापूरच्या लग्नाचे आमंत्रणदेखील तो पुराच्या वार्तांत नेऊन टाकील! शब्द सुटाच असावा, अशी अट घातली तर हा घोटाळा टळतो. परंतु ‘आम्ही पुरात अडकलो आहोत’ हे वाक्य मात्र तो तसेच मागे टाकील. ‘पूर’ या शब्दाचे सामान्यरूप ‘पुरा’ असे होते. ऊकार ऱ्हस्व होऊन २३७० च्या जागी २३६९ येतो. एका आकड्याच्या फरकाने बुडणारा माणूस दृष्टीआड झाला.

यावर उपाय व्याकरणाचा. पाणिनीने सुमारे चार हजार सूत्रांत संस्कृत भाषा बांधली. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले. पाठ करताना रुक्ष वाटणारे असे नियम यंत्राच्या फार उपयोगी पडतात. प्रत्यय सोडवावा, सामान्यरूपावरून मूळ शब्द गाठावा, हे त्याला शिकवता येते. मुंबईत पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत सिद्ध झालेला ‘मराठी शब्दबंध’ हा कोशही अशा कामी येतो. त्यात समानार्थी शब्द एकत्र गुंफलेले आहेत.

तरीही अडचण उरतेच. ‘त्याला धान्य पुरले’ आणि ‘त्याने धान्य पुरले’ या दोन वाक्यांत पहिल्याचे पोट भरले, दुसऱ्याने धान्य जमिनीत गाडले! क्रियापदाचे रूप तेच. अर्थ फिरला तो ‘ला’ आणि ‘ने’ यांमुळे. अशा जागा इतक्या आहेत, की प्रत्येकीसाठी नियम लिहीत बसणे अशक्यप्राय होय. म्हणून अलीकडे यंत्रापुढे मजकुराचे ढीगच ठेवतात. कोणत्या शब्दांच्या संगतीत कोणता शब्द वारंवार येतो, याची मोजदाद करून ते अर्थाचा अदमास बांधते. यास समजणे म्हणावे काय, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. अदमास मात्र पुष्कळदा अचूक ठरतो.

परंतु जे वाचले, त्याचीच मोजदाद होणार. छापील मजकूर बहुधा प्रमाण मराठीत असतो. नदीकाठची एखादी आजी नातवाकडून लिहवून घेईल, ‘लई पानी वाडलंय, दारात आलंया, जनावरं कुठं बांधू?’ या वाक्यात ‘पूर’ नाही, ‘महापूर’ नाही, ‘मदत’ हा शब्दसुद्धा नाही. ‘पाणी’ देखील ‘पानी’ झाले आहे, म्हणजे २३३९ च्या ठिकाणी २३४४. शेजारच्या गावच्या माणसाला हे वाचताच धावत सुटावेसे वाटेल. यंत्राला ते उमगावे, तर असे बोल जसेच्या तसे टिपून, प्रत्येकापुढे त्याचा अर्थ लिहून, त्याच्या पुढ्यात ठेवावे लागतात. आणि हे टिपण्याचे काम ती बोली कानावर घेत वाढलेल्या माणसालाच नीट साधते.