मावशीच्या कुशीतली नळी

क्ष-किरणांचा डॉक्टर म्हणजे फोटो काढणारा गृहस्थ, अशी माझी पक्की समजूत होती. गेल्या माघातल्या एका रात्री ती पार पुसली गेली.

आमची मावशी एक्क्याऐंशी वर्षांची. उजव्या बरगडीखाली कळ आणि हुडहुडी भरून ताप. सोनोग्राफीत दिसले ते असे: पित्ताशयात खडे, त्यांतला एक तोंडाशी अडकलेला, आत पू. पित्ताशय काढून टाकणे हाच यावरचा राजमार्ग. १८८२ साली बर्लिनमध्ये लँगेनबुख नावाच्या शल्यविशारदाने तो घालून दिला. पण मावशीचे हृदय थकलेले, रक्तदाब घसरत चाललेला. भूलतज्ज्ञ म्हणाले, "आज भूल देण्याचा धोका मी घेणार नाही."

तेव्हा पुढे झाले ते फोटोवाले डॉक्टर. "आज कापायचे नाही. नुसते रिकामे करू." संमतिपत्रावर सही करताना माझा हात थरथरत होता, हे कबूल केले पाहिजे.

कातडीपुरते बधिर करून, सोनोग्राफीच्या पडद्यावर नजर ठेवीत त्यांनी यकृताच्या कडेतून पित्ताशयात सुई घातली. यकृतातूनच का? तर पित्त पोटात पाझरण्याची भीती त्या वाटेने कमी. सुईतून बारीक तार सरकवली, सुई काढून घेतली आणि तारेवरून नळी आत नेली. रक्तवाहिन्यांसाठी ही युक्ती स्वीडनच्या सेल्डिंगर यांनी १९५३ साली प्रसिद्ध केली. लेंग्यात नाडी ओवणाऱ्या गृहिणीला ती समजावून सांगायला नको! नळी जेमतेम तीन मिलिमीटर जाड. आतले टोक डुकराच्या शेपटीसारखे वळते, म्हणून ती सहसा निसटत नाही.

मावशी सारा वेळ जागी. मध्येच म्हणाली, "अहो डॉक्टर, आटपलं का? घशाला कोरड पडलीय." पिशवीत गढूळ, हिरवट पू उतरू लागला होता. दुसऱ्या संध्याकाळी ताप उतरला.

पित्तनलिका गाठीने बुजून कावीळ झाली, तरीही असेच यकृतातून शिरता येते. यकृत दिवसाला अर्धा ते एक लिटर पित्त करते. ते तुंबले की अंगाला खाज सुटते, कधी जंतूही माजतात. तिथे नळीने पित्त बाहेर काढतात, किंवा आत जाळीची नळी बसवून वाट मोकळी करतात.

पण खडे जागच्या जागीच राहतात. नेदरलँड्समध्ये १४२ जोखमीच्या रुग्णांवर झालेली, २०१८ साली प्रसिद्ध झालेली पाहणी तर सांगते, की गंभीर गुंतागुंत नळीवाल्यांत शंभरात ६५ जणांना झाली, दुर्बिणीने शस्त्रक्रिया केलेल्यांत १२ जणांना. मात्र अत्यवस्थ रुग्ण त्या पाहणीत घेतलेच नव्हते. आमची मावशी त्या रात्री त्यांच्यातलीच.

घरी रोज पिचकारीने मिठाचे निर्जंतुक पाणी सोडून नळी धुण्याचे काम माझ्याकडे आले. मावशीने जुन्या खणाची थैली शिवून पित्ताची पिशवी तीत दडवली आणि शेजारणींकडे हळदीकुंकवालाही जाऊन आली!

चैत्रात हृदय सावरले. भूलतज्ज्ञ तेच; या खेपेस त्यांनी मान डोलावली. पित्ताशय दुर्बिणीने निघाले, नळीही गेली. खणाची थैली मात्र मावशीने टाकू दिली नाही. तीत आता सुपारी असते.