मूलनिवासी कामावर कां टिकत नाहींत?

एखाद्या कारखान्यांत किंवा कचेरींत विशिष्ट समाजाचीं माणसें फार दिवस टिकेनाशीं झालीं, म्हणजे मालक साधारणतः एकच निदान करतो : ‘या लोकांना कामाची संवयच नाहीं.’ हें निदान फार सोयीचें असतें. कारण त्यांत मालकाला स्वतःकडे पाहावें लागत नाहीं. परंतु तें खरें आहे कीं नाहीं, याची शास्त्रीय चौकशी करतां येते. ऑस्ट्रेलियांतील मूलनिवासी कामगारांच्या बाबतींत अशी चौकशी गेलीं ऐंशी वर्षें होत आली आहे. तिच्यांतून काय निष्पन्न झालें, तें आज थोडक्यांत सांगावयाचें आहे.

प्रारंभ १९४४ सालापासून करूं. ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरी या विस्तीर्ण प्रांतांत व्हेस्टी या इंग्रज घराण्याच्या कंपनीचीं गुरांचीं मोठमोठीं कुरणें होतीं. गुरें वळणें, कुंपणें घालणें, स्वयंपाक, धुणें, अशीं सारीं कामें तेथें मूलनिवासी स्त्रीपुरुष करीत. पुढें मजूर कमी पडूं लागले, तेव्हां कंपनीनें रोनाल्ड आणि कॅथरिन बर्न्ट या मानवशास्त्रज्ञ दांपत्याची नेमणूक केली. मजुरांचा पुरवठा कसा वाढेल, एवढेंच त्यांनीं शोधावें, अशी कंपनीची अपेक्षा होती. या दोघांनीं कुरणांवरील वस्त्यांत राहून पाहणी केली आणि १९४६ मध्यें आपला वृत्तान्त सादर केला. अपुरें अन्न, माणसाला न शोभणारा निवारा, दगावणारीं बालकें आणि नांवापुरतें वेतन, हीं त्यांना दिसलेलीं कारणें होतीं. मजूर कां मिळत नाहींत, या प्रश्नाचें उत्तर मजुरांच्या स्वभावांत नसून मालकाच्या व्यवस्थेंत सांपडलें. हा वृत्तान्त पुस्तकरूपानें लोकांपुढें येण्यास मात्र १९८७ साल उजाडावें लागलें.

मधल्या काळांत उत्तर देण्याचें काम मजुरांनींच केलें. २३ ऑगस्ट १९६६ रोजीं याच कंपनीच्या वेव्ह हिल या कुरणावरून गुरिंजी जमातीचीं सुमारें दोनशें माणसें, बायकामुलांसह, काम सोडून चालतीं झालीं. व्हिन्सेंट लिंगियारी हे त्यांचे पुढारी होते. प्रथम सर्वांना वाटलें कीं हा पगाराचा संप आहे. पगाराचा प्रश्न त्यांत होताच. परंतु थोड्याच दिवसांत गुरिंजींनीं स्पष्ट केलें कीं, त्यांना आपली जमीन परत हवी आहे. नऊ वर्षें ते आपल्या निश्चयापासून ढळले नाहींत. अखेर १६ ऑगस्ट १९७५ रोजीं पंतप्रधान गॉफ व्हिटलम यांनीं तेथें जाऊन लिंगियारींच्या ओंजळींत मूठभर माती घातली आणि जमिनीचा पट्टा त्यांच्या स्वाधीन केला. पुढल्याच वर्षीं या प्रांतांतील मूलनिवासींच्या भूमिहक्कांचा कायदा संमत झाला.

येथें एका गोष्टीकडे विशेष लक्ष दिलें पाहिजे. संपापूर्वी कांहीं महिने, मार्च १९६६ मध्यें, औद्योगिक लवादानें या प्रांताच्या गुरपालन धंद्यांतील मूलनिवासींना समान वेतन देण्याचा निर्णय दिला होता. त्याचा अंमल मात्र डिसेंबर १९६८ पासून व्हावयाचा होता. निर्णय न्याय्य होता, यांत शंका नाहीं. पण त्याचा परिणाम काय झाला? पूर्वी एका माणसाच्या कामाच्या बदल्यांत त्याचें सारें गणगोत आपल्या वाडवडिलांच्या भूमीवर राहत असे आणि मालकाकडून पीठ, साखर, चहा व मांस यांचा शिधा मिळवीत असे. आतां मालकानें हिशेब केला, तो एकेका मजुराचा. ज्यांची गरज नव्हती त्यांना त्यानें कामावरून काढलें; त्यांच्याबरोबर म्हातारीं माणसें आणि मुलेंबाळेंहि कुरणांबाहेर गेलीं. त्याच सुमारास कुंपणें वाढलीं, मोटारी आणि हेलिकॉप्टरें आलीं, आणि मनुष्यबळाची जरुरी आणखी घटली. अनेक कुटुंबांच्या वांट्याला नगराबाहेरच्या वस्त्या आणि सरकारी मदतीवरचें जिणें आलें. समान वेतन चुकीचें होतें, असा याचा अर्थ नव्हे. नोकरी ही केवळ मजूर आणि मालक या दोघांतील देवघेव आहे, असें धरून चालल्यामुळें भूमी आणि नातीं हिशेबांतून निसटलीं, असा याचा अर्थ आहे.

आतां अलीकडच्या काळाकडे वळूं. २०२१ च्या शिरगणतींत ऑस्ट्रेलियामध्यें मूलनिवासी व टॉरेस सामुद्रधुनींतील द्वीपवासी मिळून ८ लक्ष १२ हजार लोकांची नोंद झाली. एकूण लोकसंख्येंत हें प्रमाण शेंकडा ३·२ पडतें. त्यांपैकीं २५ ते ६४ या वयाच्या लोकांत शेंकडा ६२ जणांना २०३१ पर्यंत रोजगार मिळावा, असें उद्दिष्ट २०२० च्या राष्ट्रीय करारानें ठरविलें. २०२१ मध्यें हें प्रमाण ५६ च्या आसपास होतें. शिक्षण, आरोग्य, गांवापासून कामापर्यंतचें अंतर, हीं कारणें यामागें आहेतच. पण व्यवस्थापनशास्त्राच्या अभ्यासकांनीं कचेरीच्या आंतल्या बाजूला शिरून आणखी तीन कारणें दाखविलीं आहेत.

पहिलें कारण नात्यांचें. ‘माय मरो पण मावशी जगो’ असें म्हणणाऱ्या आपल्या समाजाला तें चटकन् समजेल. अनेक मूलनिवासी समाजांत मावशीला आईच म्हणतात आणि चुलत्याला बापच. कोणी मृत्यु पावला म्हणजे जे विधि होतात, त्यांना तेथील इंग्रजींत ‘सॉरी बिझनेस’ असें नांव आहे. त्या वेळीं हजर राहणें हें ऐच्छिक नसतें. न जाणारा माणूस आप्तांच्या नजरेंतून उतरतो. ऑस्ट्रेलियाच्या रोजगार कायद्यानें मात्र निकटच्या कुटुंबीयाच्या निधनासाठीं दोन दिवसांची रजा दिली आहे, आणि ‘निकटचें कुटुंब’ या शब्दांत मावशी व चुलता येत नाहींत. ज्याच्या घरीं आपल्या सुतकासारखें बंधन आहे, त्यानें दोन दिवसांत परत यावें कसें? तो आठवडाभर येत नाहीं, आणि हजेरीपटावर ‘गैरहजर’ असा शेरा पडतो. म्हणूनच कित्येक संस्थांनीं आतां आपल्या सेवाशर्तींत सांस्कृतिक विधींसाठीं वेगळी रजा घातली आहे.

दुसरें कारण बोलण्याचें. डायना ईड्स या भाषाशास्त्रज्ञ विदुषीनें मूलनिवासींच्या इंग्रजी बोलण्याचा दीर्घ अभ्यास केला आहे. १९९२ मध्यें वकिलांसाठीं तिनें जी मार्गदर्शिका लिहिली, तींत सांगितलेल्या गोष्टी मुलाखत घेणाऱ्या साहेबालाहि तितक्याच उपयोगी आहेत. प्रश्न ऐकून कांहीं वेळ स्तब्ध राहणें हें या लोकांत विचाराचें आणि आदराचें लक्षण असतें. मुलाखत घेणाऱ्याला तें अज्ञान वाटतें. वडीलधाऱ्याच्या डोळ्याला डोळा न भिडविणें ही मर्यादा असते. त्याला तो लपवालपवीचा प्रकार भासतो. अधिकारी माणसानें ‘समजलें ना?’ असें विचारलें, तर न समजतांहि ‘होय’ म्हणण्याची रीत पुष्कळ ठिकाणीं आढळते. तो होकार भीड राखण्यापुरता असतो. यंत्राजवळ काम करणाराच्या बाबतींत अशा होकाराची किंमत फार मोठी पडूं शकते. यावर उपाय साधा आहे : ‘समजलें ना?’ असें न विचारतां, काम करून दाखवावयास सांगावें.

तिसरें कारण बाहेरून दिसत नाहीं. २०२० मध्यें सिडनीच्या तंत्रविद्यापीठांतील जुम्बुन्ना संस्थेनें आणि ऑस्ट्रेलियाच्या विविधता मंडळानें १,०३३ मूलनिवासी नोकरदारांची पाहणी प्रसिद्ध केली. तिचें नांव ‘गारी याला’. विराजुरी भाषेंत याचा अर्थ ‘खरें बोला’ असा होतो. शेंकडा २८ जणांनीं आपली कचेरी आपल्या संस्कृतीच्या दृष्टीनें सुरक्षित नसल्याचें दर्शविलें. शेंकडा ३९ जणांवर अभ्यासक ज्याला ‘सांस्कृतिक भार’ म्हणतात, तो मोठ्या प्रमाणावर होता. म्हणजे काय? कचेरींत एकच मूलनिवासी असला, कीं समारंभाचें स्वागत त्यानें करावें, सहकाऱ्यांच्या शंका त्यानें फेडाव्या, धोरणावर मत त्यानें द्यावें; आणि नेमून दिलेलें काम आहेच. या जादा कामाचा ना पगार, ना बढतींत हिशेब. असा माणूस थकून निघून जातो, आणि मालक म्हणतो, ‘पाहा, टिकला नाहीं!’

येथें एक सावधगिरी राखली पाहिजे. युरोपीय लोक आले त्या वेळीं या खंडांत अडीचशेंहून अधिक भाषा बोलल्या जात. आज बहुसंख्य मूलनिवासी शहरांतून व नगरांतून राहतात. त्यांत डॉक्टर आहेत, न्यायाधीश आहेत, प्राध्यापक आहेत. प्रत्येकाला एकाच मापानें मोजून ‘यांची संस्कृतीच अशी’ म्हणणें, हें त्या जुन्या ‘यांना संवयच नाहीं’ याचेंच सुशिक्षित रूप ठरेल. शिवाय गारी यालांतील अनेकांची तक्रार गैरसमजाची नव्हती. उघड अपमानाची आणि पक्षपाताची होती. त्यावर संस्कृतीचे वर्ग भरविणें पुरेसें नाहीं. तेथें शिस्तीचा बडगाच हवा.

मग टिकतात कोठें? मूलनिवासींनीं स्वतः चालविलेल्या धंद्यांत नोकरवर्गांतील मूलनिवासींचें प्रमाण इतर धंद्यांच्या कितीतरी पट अधिक असतें, असें अभ्यासांतून दिसून आलें आहे. हें ओळखून ऑस्ट्रेलियाच्या केंद्र सरकारनें जुलै २०१५ पासून आपल्या खरेदीचीं कांहीं कंत्राटें अशा धंद्यांना देण्याचा नियम केला. माणसें तींच, देश तोच; बदलतें तें एवढेंच, कीं रजा कोणत्या नात्याला द्यावयाची आणि स्तब्धतेचा अर्थ काय लावावयाचा, हें ठरविणारा माणूस आंतला असतो.

तात्पर्य, बर्न्ट दांपत्याला १९४६ मध्यें सांपडलेलें उत्तर अद्याप जुनें झालेलें नाहीं. कामगार कां टिकत नाहीं, असें विचारण्यापूर्वीं आपल्या कामाच्या जागेंत त्याला टिकण्याजोगें काय आहे, हें विचारावें. पहिल्या प्रश्नानें दोष कामगाराच्या पदरीं पडतो आणि मामला तेथेंच संपतो; दुसऱ्या प्रश्नानें मालकाच्या हातीं कांहीं काम उरतें.