खालसा कुवेत आणि खोटी साक्ष

१० ऑक्टोबर १९९०. वॉशिंग्टनमध्ये अमेरिकी काँग्रेस सदस्यांच्या एका मानवी हक्क गटासमोर पंधरा वर्षांची एक कुवेती मुलगी साक्ष देत होती. तिचे नाव केवळ 'नायिरा' एवढेच सांगण्यात आले. कुवेतमध्ये अडकलेल्या आप्तांच्या जिवाला धोका पोहोचू नये म्हणून आडनाव गुप्त ठेवल्याचे कारण देण्यात आले होते. आपण कुवेतमधील एका रुग्णालयात स्वयंसेविका म्हणून काम करीत असताना इराकी सैनिक आत घुसले, त्यांनी अर्भकांना इन्क्युबेटरमधून बाहेर काढले, ती यंत्रे पळवली आणि अर्भकांना थंडगार फरशीवर मरण्यासाठी टाकून दिले, असे तिने अश्रू ढाळत सांगितले. जगभरच्या वृत्तपत्रांनी आणि दूरचित्रवाणी वाहिन्यांनी ही कहाणी उचलून धरली. युद्ध संपून दहा महिने उलटल्यावर मात्र उघड झाले, की ही मुलगी अमेरिकेतील कुवेतच्या राजदूतांची कन्या होती.

या साक्षीचा दाखला तेव्हापासून वारंवार दिला जातो. परंतु त्यातून काढले जाणारे निष्कर्ष बहुधा दोन टोकांचे असतात. साक्ष खोटी होती, म्हणून कुवेतवरील आक्रमणाचा सारा गवगवाच बनावट होता, असे एक पक्ष म्हणतो. कुवेतवर अन्याय झालाच होता, मग एका साक्षीचे एवढे काय, असे दुसरा पक्ष विचारतो. दोन्ही पक्षांची गल्लत एकच आहे. एखादा देश दुसऱ्याने गिळंकृत केला, तर त्याचे समर्थन होऊ शकते काय, बाहेरच्या सत्तांनी त्यात शस्त्रबळाने हस्तक्षेप करावा काय आणि या दोन्हींविषयी आपल्याला दिली जाणारी माहिती खरी आहे काय, हे तीन स्वतंत्र प्रश्न आहेत. एकाचे उत्तर दुसऱ्याच्या गळ्यात बांधता येत नाही.

पहिला प्रश्न सामिलीकरणाचा. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या. कुवेत हा ऑटोमन साम्राज्याच्या बसरा प्रांताचा भाग होता, ब्रिटिशांनी तो इराकपासून तोडला, असा बगदादचा दावा होता. त्यात इतिहासाचा थोडा अंश होता. ऑटोमन सत्तेचे नाममात्र आधिपत्य कुवेतवर होते आणि १८९९ साली शेख मुबारक यांनी ब्रिटिशांशी करार करून त्यांचे संरक्षण स्वीकारले होते. तथापि, अल-सबाह घराण्याचा कारभार तेथे अठराव्या शतकापासून चालत आला होता, तर आधुनिक इराक हे राज्य पहिल्या महायुद्धानंतर अस्तित्वात आले. १९६१ मध्ये कुवेत स्वतंत्र होताच इराकचे तत्कालीन सर्वेसर्वा अब्दुल करीम कासिम यांनी त्यावर हक्क सांगितला होता. परंतु १९६३ मध्ये कुवेत संयुक्त राष्ट्रसंघाचा सदस्य झाला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये खुद्द इराकने त्याच्या स्वातंत्र्याला मान्यता दिली. एकदा दिलेली मान्यता रणगाडे पाठवून मागे घेता येत नाही.

आक्रमणामागची खरी निकड आर्थिक होती. १९८० ते १९८८ या काळात इराणशी झालेल्या युद्धाने इराक कर्जबाजारी झाला होता आणि धनकोंमध्ये कुवेतही होता. कुवेत ठरल्यापेक्षा अधिक तेल काढून भाव पाडतो आणि सीमेवरील रुमैला तेलक्षेत्रातून आपले तेल चोरतो, असा सद्दाम हुसेन यांचा आरोप होता. २५ जुलैला त्यांची भेट घेणाऱ्या अमेरिकी राजदूत एप्रिल ग्लास्पी यांनी अरब देशांमधील सीमावादांत आपला देश पडत नसल्याचे सांगितले, असे इराकने नंतर प्रसिद्ध केलेल्या इतिवृत्तात दिसते. हा 'नरो वा कुंजरो वा' थाटाचा पवित्रा पुढे बराच गाजला. पण शेजाऱ्याने वेळीच दरडावले नाही, म्हणून दरोडा कायदेशीर होत नाही.

असत्याचा आश्रय प्रथम घेतला तो बगदादने. कुवेतमधील तरुण क्रांतिकारकांनी राजवट उलथवली असून त्यांच्याच निमंत्रणावरून आपले सैन्य आत गेले आहे, असे इराकने जाहीर केले. ४ ऑगस्टला एक 'हंगामी सरकार' उभे करण्यात आले. चारच दिवसांत ते इराकमध्ये विलीन झाल्याची घोषणा झाली आणि २८ ऑगस्टला कुवेत हा इराकचा एकोणिसावा प्रांत ठरवण्यात आला. संस्थाने खालसा करणाऱ्या डलहौसीने निदान दत्तकविधानाचे निमित्त तरी शोधले होते. येथे निमंत्रण देणारेही पाहुण्यांनीच नेमले होते. १९८६ पासून बरखास्त असलेली संसद पुन्हा बोलवावी, म्हणून राजघराण्याशी झगडणारे कुवेती विरोधी नेतेही या सरकारात गेले नाहीत. उलट ऑक्टोबरमध्ये जेद्दा येथे भरलेल्या परिषदेत त्यांनी निर्वासित राजघराण्यालाच पाठिंबा दिला. सुरक्षा परिषदेने ९ ऑगस्टच्या ६६२ क्रमांकाच्या ठरावाने हे सामिलीकरण एकमताने रद्दबातल ठरवले होते. पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे निःसंदिग्ध होते.

दुसरा प्रश्न अधिक अवघड होता. आक्रमण अवैध, हे मान्य करूनही ते परतवण्यासाठी युद्धच हवे काय, की आर्थिक निर्बंधांना आणखी अवधी द्यावा, यावर अमेरिकेत आणि जगभर प्रामाणिक मतभेद होते. तेलासाठी रक्त सांडू नका, असे म्हणत निदर्शक रस्त्यावर उतरले. इस्रायलने व्यापलेल्या प्रदेशांबाबत पाश्चात्त्य देश एवढे तत्पर का नाहीत, हा अरब जनतेचा सवालही गैरलागू नव्हता. अखेर २९ नोव्हेंबरला सुरक्षा परिषदेने १५ जानेवारी १९९१ ची मुदत देऊन बळाच्या वापरास संमती दिली. अमेरिकी सिनेटमध्ये १२ जानेवारीला ठराव ५२ विरुद्ध ४७ मतांनी संमत झाला. तीन मते इकडची तिकडे झाली असती, तर तो फेटाळला गेला असता.

अशा अटीतटीच्या चर्चेत अर्भकांची कहाणी वापरली गेली. अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी ती अनेकदा सांगितली, काही सिनेटरांनी आपल्या भाषणांत तिचा हवाला दिला. अॅम्नेस्टी इंटरनॅशनलनेही डिसेंबरमधील अहवालात ३१२ अर्भकांच्या मृत्यूचा आकडा नोंदवला आणि एप्रिल १९९१ मध्ये तो आरोप मागे घेतला. साक्षीमागे हिल अँड नोल्टन ही मातब्बर जनसंपर्क कंपनी होती. 'सिटिझन्स फॉर अ फ्री कुवेत' या संघटनेने तिला नेमले होते आणि मोहिमेवर खर्च झालेल्या एक कोटीहून अधिक डॉलरचा बहुतांश भाग कुवेत सरकारकडून आला होता. ज्या गटासमोर साक्ष झाली, ती काँग्रेसची अधिकृत समिती नव्हती. त्यामुळे साक्षीदाराला शपथही नव्हती. या साक्षीची चित्रफीत वाहिन्यांना आयती पुरवण्यात आली. मुलीचे आडनाव जानेवारी १९९२ मध्ये जॉन मॅकआर्थर या पत्रकाराने उघड केले. युद्धानंतर कुवेतमध्ये गेलेल्या मानवी हक्क संघटनांना आणि वार्ताहरांना या आरोपास आधार मिळाला नाही.

या असत्याची गरजही नव्हती, हे यातील सर्वांत खेदजनक. इराकी सैन्याने कुवेतमध्ये केलेले छळ, हत्या आणि लूट यांचे पुरावे मुबलक होते. माघार घेताना सैन्याने सहाशेहून अधिक तेलविहिरी पेटवल्या. शेवटची आग नोव्हेंबर १९९१ मध्ये विझली. पण सत्य पुरेसे हृदयद्रावक नाही, असे समजून त्यावर कल्पित प्रसंगाचे कलम करण्यात आले आणि कलम उघडे पडताच मूळ झाडाविषयीही संशय घेतला जाऊ लागला.

या घडामोडी भारतीयांना दूरच्या नव्हत्या. आखातात पोटापाण्यासाठी गेलेल्या एक लाखाहून अधिक भारतीयांना एअर इंडियाने जॉर्डनमधील अम्मानहून सुमारे दोन महिन्यांत मायदेशी आणले. जानेवारी १९९१ मध्ये अमेरिकी लष्करी विमाने मुंबईत इंधन भरून पुढे जात असल्याची बातमी फुटली, तेव्हा चंद्रशेखर सरकारची पंचाईत झाली. बाहेरून पाठिंबा देणाऱ्या काँग्रेसने आक्षेप घेतल्यावर ती सवलत फेब्रुवारीत थांबवावी लागली. मुंबई-दिल्लीच्या पंचतारांकित हॉटेलांत सीएनएनवर हे युद्ध 'थेट' दिसत होते. मात्र वार्ताहरांना लष्कराच्या देखरेखीखालील गटांतूनच रणभूमीवर नेले जाई. अचूक नेम साधणाऱ्या बॉम्बची दृश्ये पुनःपुन्हा दाखवली गेली; प्रत्यक्षात टाकलेल्या बॉम्बमध्ये त्यांचे प्रमाण दहा टक्क्यांहूनही कमी होते. त्याच अचूक बॉम्बनी १३ फेब्रुवारी १९९१ रोजी बगदादमधील अमिरिया निवाऱ्यात चारशेहून अधिक नागरिकांचा बळी घेतला. चित्र थेट असले, म्हणून ते पूर्ण असतेच असे नाही, हा धडा प्रेक्षकांना उशिरा मिळाला.

पुढे २००३ मध्ये इराककडे महासंहारक अस्त्रे असल्याचे सांगून युद्ध पुकारले गेले आणि त्या अस्त्रांचे साठे सापडले नाहीत. २०१४ मध्ये क्रिमियात बिल्ले नसलेले सैनिक अवतरले, तेव्हा ते आपले नव्हेत असे रशियाने प्रथम सांगितले आणि पुढे त्यांचे पितृत्व कबूल केले. २०२२ मध्ये युक्रेनचे आणखी चार प्रांत आपल्यात सामील झाल्याची घोषणा मॉस्कोने केली, तीही सार्वमताचा हवाला देऊन. प्रत्येक वेळी एका बाजूचे असत्य दाखवून दुसऱ्या बाजूची कृती धुऊन काढण्याचा प्रयत्न होतो. पाश्चात्त्यांनी इराकबाबत खोटे सांगितले म्हणून क्रिमियाचे सामिलीकरण वैध ठरत नाही. आणि क्रिमियाचे सामिलीकरण अवैध म्हणून युक्रेनच्या बाजूने येणारी प्रत्येक बातमी तपासणीतून सुटत नाही.

वृत्तपत्र वाचणाऱ्याच्या हाती सैन्य नसते, नकाराधिकारही नसतो. पण साक्षीदार कोण, त्याला पुढे कोणी आणले, खर्च कोणी केला आणि दुसऱ्या कोणी ते स्वतंत्रपणे पाहिले काय, एवढे प्रश्न तो विचारू शकतो. कुवेतमधून सहाशेहून अधिक माणसे बेपत्ता झाली होती. त्यांपैकी अनेकांचे अवशेष २००३ नंतर इराकमधील सामूहिक दफनस्थळांत सापडले. त्यांच्या आप्तांची कैफियत खरी होती. वर्षानुवर्षे ती सांगणाऱ्या या लोकांकडे मात्र कॅमेरे क्वचितच वळले.